खळ

परळच्या आमच्या चाळीत दिवाळीच्या आधीच्या रविवारी कंदिलासाठी खळ शिजायची. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग उकळत्या पाण्यात त्याची धार सोडून एकाच दिशेने ढवळत राहायचं. दुधासारखं पाणी बघता बघता घट्ट होतं आणि एका क्षणी त्याचा पांढरेपणा जाऊन ते ओल्या काचेसारखं दिसू लागतं. "आता उतरव," अण्णा म्हणायचे. घाई केली तर खळ कच्ची राहते आणि वाळल्यावर तिचा पापुद्रा सुटतो. उशीर केला तर बुडाला लागते आणि कागदावर तपकिरी ठिपके उठतात. मग करवंटीत थोडी थोडी काढून घ्यायची आणि तिच्यात बशीत भिजवलेल्या मोरचुदाचे चार थेंब. खळीवर झुरळं आणि उंदीर टपलेले असतात, मोरचुदाला ते तोंड लावत नाहीत. मोरचूद अल्युमिनियमच्या टोपात मात्र पडू द्यायचं नाही, ते भांड्याला भोकं पाडतं. आम्हां मुलांना त्या बशीला हात लावायची परवानगी नव्हती. कंदील झाला की अण्णा ती बशी स्वतः घासायचे आणि माळ्यावर वेगळी ठेवायचे.

खळीतलं त्यांना सगळं कळायचं, कारण त्यांचा जन्म खळीत गेला होता. ते गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर जायच्या आधी ताण्याचं सूत उकळत्या खळीच्या हौदातून काढतात, रुळांमध्ये पिळतात, वाफेवर तापलेल्या सिलिंडरांवर वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. खळ पाजली नाही तर मागाच्या एकेका ठोक्याला धागे तुटत राहतात. पुढे कापड विणून झालं, रंगवायला निघालं की तीच खळ धुऊन टाकतात. लहानपणी मला याचं फार वाईट वाटे. अण्णा दिवसभर त्या वाफेत उभे राहणार, अंगाला आंबूस वास घेऊन घरी येणार आणि त्यांनी केलेलं काम दुकानातल्या कापडात औषधालाही शिल्लक नसणार! एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अगं, विणून होईपर्यंत धागा तुटला नाही ना? झालं तर."

आमचा कंदील बांबूच्या कामट्यांचा, षट्कोनी. कामट्या रात्रभर भिजवून अण्णा दोऱ्याने बांधायचे, पतंगीचा कागद आई कापायची, शेपटीच्या झिरमिळ्या माझ्याकडे. खळीचा हात पातळ फिरवायचा. कागद लावल्यावर तो सैल पडल्यासारखा वाटतो, पोरगं रडकुंडीला येतं. पण दोन तासांनी खळ वाळते तसा तो ताणत ताणत जातो आणि टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. तो आवाज ऐकायला आम्ही कंदिलाभोवती बसून राहायचो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचं पुढे काय झालं ते परळ-लालबागच्या घराघराला ठाऊक आहे. चाळीतली खोली विकून आम्ही भाईंदरला आलो. स्टेशनबाहेर पडलं की खाडीचा खारट वारा यायचा आणि उन्हाळ्यात मिठागरांत पांढऱ्या राशी चमकायच्या. 1985 मध्ये इथे नगरपरिषद झाली, इमारती भराभर उठू लागल्या. त्या इमारतींत आमच्यासारखेच लोक राहायला आले, गिरगावातून, लालबागेतून, आणि राजस्थान-गुजरातेतूनही. मला चित्रकला शिक्षिकेची नोकरी लागली.

आणि खळ सुटली. सोसायटीच्या गणपतीची आरास करायला मी पुढे असायची आणि ते दिवस थर्माकोलचे होते. तापल्या तारेने लोण्यासारखा कापता येणारा, हलका, शुभ्र, ऐन भाद्रपदाच्या दमट हवेतही न भिजणारा. खळीला पावसाळ्यात बुरशी धरते, ती वाळतही नाही. थर्माकोलचे महाल आम्ही रातोरात उभे केले. मी त्यांना मनापासून जीव लावला होता. मग एका वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर फिरायला गेले. ओहोटी होती. तिवरांच्या मुळ्यांत पांढरे दाणे अडकले होते, हजारो. लांबून मला ते मीठ वाटलं. जवळ जाऊन एक उचलला, चिमटीत दाबला, तो दबला आणि पुन्हा फुगला. त्यानंतर माझ्या हाताने मी थर्माकोल कापला नाही. सरकारी बंदी पुष्कळ नंतर, 23 मार्च 2018 ला आली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट मागायला मखरवाले उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. त्यांच्या घरात तयार माल पडून होता, त्यांची तगमग मला समजत होती. गिरणी बंद पडते तेव्हा घरात काय होतं हे मी पाहिलेलं आहे.

गेल्या दिवाळीत माझ्याकडे चित्रकलेला येणारी मुलं एक बेत घेऊन आली. अकरा जण. बहुतेक इंटरमिजिएटच्या परीक्षेचे, दोघं आता कला महाविद्यालयात. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे कारखाने आहेत. त्यातला एक गाळा रिकामा झाला होता, नवा भाडेकरू कार्तिक संपल्यावर यायचा होता. मुलांनी मालकांना गाठलं होतं. त्यांनी गाळा दिला, एका अटीवर : भिंतींना खिळा नाही, गोंदाचे डाग नाहीत, जसा घेतला तसा परत.

आत गेलो तर तिन्ही भिंती काळ्या. बफिंगच्या चाकावर भांडी चमकतात आणि त्याची काजळी वर्षानुवर्षं भिंतीवर बसत जाते. मला वाटलं मुलं हिरमुसतील. एक जण म्हणाला, "बाई, आकाश तयार आहे!" तिथेच आरास ठरली. भाईंदरची खाडी, रात्रीची. कागदाच्या मिठागरांचे चौकोन, मिठाच्या राशी, मधे पाणजू बेट, खाडीवरचा रेल्वेचा पूल आणि पुलावर नायगावकडे निघालेली लोकल, जिच्या प्रत्येक खिडकीला पतंगीचा पिवळा कागद आणि आत दिवा. वर काळ्या भिंतीवर चांदण्या.

चिकटवायचं कशाने यावर दोन दिवस गेले. ग्लू गनच्या उष्णतेने पतंगीचा कागद आक्रसायचा आणि मागे दिवा लावला की गोंदाचे थेंब काळे दिसायचे. चिकटपट्टी काजळीवर धरेना. मी घरी गेले, मैद्याचा डबा काढला.

टोपाभोवती अकरा डोकी वाकली होती. मी गप्प राहिले. जिच्या हातात पळी होती त्या मुलीनेच ओळखलं, "बाई, बदलली!" आणि गॅस बंद केला. ती मारवाडी घरातली, तिची आजी मेंदीचा कोन चिकटवायला अशीच लेई करते म्हणाली. मोरचूद मी घातलं नाही. दिवाळीची हवा कोरडी, काम थोड्याच दिवसांचं, आणि गाळ्यात लहान भावंडं येत-जात होती. पहिली खिडकी लावली तेव्हा कागद लोंबला, पोरांचे चेहरे पडले. मी त्यांना जेवायला पाठवलं. परत आल्यावर एकाने भीत भीत टिचकी मारली. मग त्या लोकलचा प्रत्येक डबा वाजवून झाला.

धनत्रयोदशीला शटर वर गेलं. भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, कारखान्यांतले कामगार, स्टेशनवरून घरी निघालेले लोक आत डोकावून जायचे. राई गावातल्या एका मुलाची आजी आली, तरुणपणी मिठागरावर राबलेली. पुष्कळ वेळ ती राशींपुढे उभी राहिली. मीठ इतकं पांढरं नसतं, ती नातवाला म्हणाली. आगरातून निघतं तेव्हा त्यात मातीचा रंग असतो. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकीने भिंतीवर बोट फिरवलं आणि ती काजळी हलक्या हाताने राशीच्या पायथ्याशी चोळली. आजीने मान हलवली, अजून. मग तिने स्वतःच भिंतीला हात लावला. सगळ्या राशी तिने तशा करून घेतल्या, खाली गडद, वर फिकट, एका बाजूला ओल आल्यासारखी छटा. मी इतकी वर्षं चित्रकला शिकवली, ही छटा मला कुणी दाखवली नव्हती.

तुळशीचं लग्न झाल्यावर गाळा रिकामा करायचा दिवस आला. ओल्या फडक्याने कागद भिजवला, पाच मिनिटं थांबलो, की खळ अलगद सुटायची. लोकल उतरली, पूल उतरला. चांदण्या शेवटी राहिल्या. पहिली सोलली आणि सगळे थबकले. खळीने आपल्याबरोबर काजळी उचलून आणली होती. चांदणी निघाली तिथे भिंतीचा मूळचा चुना उघडा पडला होता, पाच टोकांचा, स्वच्छ. दुसरी काढली, तिथेही तेच.

मालक आले तेव्हा काळ्या भिंतीवर चाळीसेक पांढऱ्या चांदण्या होत्या. अट मोडली म्हणून मुलं खाली मान घालून उभी. मी पुसून देते म्हणाले, पण पुसायचं तर सगळी भिंत धुवावी लागली असती. ते भिंतीजवळ गेले, एका चांदणीच्या कडेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेली काजळी पाहिली. इथल्याच चाकावर पंधरा वर्षं उभा होतो, म्हणाले. रंगारी सोमवारी यायचा होता. त्यांनी त्याला फोन करून गुरुवारी बोलावलं.