कोठ्याचा जमाखर्च

बँकेच्या नोकरीत भोर-वेल्ह्याच्या मुक्कामी जडलेल्या बद्धकोष्ठाने निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडली नाही. दिवसभर खुर्चीत बसणे, समोर ग्राहक असता उठायचा संकोच; पेढीवरील आपल्या बांधवांचीही हीच स्थिती. मलमूत्राचे वेग रोखू नयेत, असे वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त बजावलेच आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी प्रथम थायरॉईड तपासला, चालू औषधे पाहिली. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनीही कोठा जड होतो. मग त्यांनी पाण्याचा हिशेब मागितला. चौविहार पाळणाऱ्यास पाण्यासाठी जेमतेम 12 तास मिळतात. म्हणून उकळलेले पाणी सकाळीच मोजून ठेवतो आणि सूर्यास्तापूर्वी संपवतो. इसबगोल बहुतेक जण झोपताना घेतात. मी दुपारी 4 वाजता, पेलाभर पाण्यासह घेतो. पाणी अपुरे पडल्यास ते आतच फुगून अडते.

या भागातील जेवण भाताचे. त्यातील थोडा भात कमी करून वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील नाचणीची भाकरी आणि सालीची मूगडाळ घेतो. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथीलाही ही दोन्ही चालतात. अंजीर आपल्याला निषिद्ध, म्हणून भिजवलेल्या मनुका.

मात्र शौचात रक्त, काळा मल, अकारण घटणारे वजन किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय दिसल्यास, मूळव्याध समजून घरगुती चूर्णावर दिवस काढू नयेत. आतड्याचा कर्करोग वेळीच सापडला तर बरा होऊ शकतो. या बाबतीत लज्जा धरणे हा सर्वांत महाग व्यवहार होय.