पडद्यावरचा फेणे किती वर्षांचा?

लहानपणी वाचलेल्या पुस्तकावर चित्रपट निघतो आहे अशी बातमी आली, की पहिली चर्चा होते ती चेहऱ्याची. नायक कोण होणार, तो मनातल्या चित्राशी जुळणार का, जुन्या मुखपृष्ठावरची ती ऐट त्याला साधेल का. भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेच्या बाबतीत तर हे होणारच. फुरसुंगीचा काटकुळा मुलगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा आणि अचंबा वाटला की ‘ट्टॉक’ करणारा हा नायक मराठी वाचकांच्या कित्येक तुकड्यांनी आपापल्या डोक्यात आधीच उभा केलेला आहे. २०१७च्या ऑक्टोबरात आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ आला तेव्हा अमेय वाघच्या अंगकाठीने आणि चपळाईने ही पहिली परीक्षा सहज पार केली. तरीही मला वाटतं, अशा चित्रपटाची वाट पाहताना चेहऱ्याआधी वय विचारायला हवं. नायकाचं वय, आणि ज्याच्यासाठी चित्रपट काढला जातो आहे त्या प्रेक्षकाचंही. त्या चित्रपटातला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होता. शाळा सुटली होती, आणि तिच्याबरोबर गोष्टीचा कणाही थोडा सुटला होता.

वय हा तपशील वाटतो, पण साहसकथेत सगळी मदार त्यावरच असते. शाळकरी मुलाच्या हातात अधिकार नसतो, खिशात पैसे नसतात. त्याने काही पाहिलं तर मोठी माणसं त्यावर विश्वास ठेवत नाहीत. चोर ओळखला तरी तो सांगणार कोणाला? वसतिगृहाची वेळ पाळायची असते, घरी उत्तर द्यायचं असतं, आणि संकट तर दारात उभं. या अडचणीतून फेणेची युक्ती जन्मते. त्याची सायकल महत्त्वाची ठरते ती याचमुळे: मोठ्यांच्या परवानगीविना चालणारं तेवढं एकच वाहन त्याच्याकडे आहे. वीस वर्षांच्या तरुणाने गुन्हेगाराचा पाठलाग केला तर तो धाडसी ठरतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाने केला तर वाचणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला आपल्यालाही जग थोडं हलवता येईल असं वाटतं. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि हे सारं करताना समोरच्या लहान वाचकाला कधी कमी लेखलं नाही. त्या वाचकाला त्यांनी स्वतःच्या उंचीचा नायक दिला. ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शन मालिकेतही सुमीत राघवनचा फेणे शाळकरीच होता.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ज्यांनी फेणे वाचला ते आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, तिकीट तेच काढणार, मग त्यांच्याबरोबर नायकानेही मोठं का होऊ नये? फेणे कॉलेजात गेला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न गैर मुळीच नाही. २०१७च्या चित्रपटाने तो प्रामाणिकपणे हाताळला. प्रवेशपरीक्षेतला भ्रष्टाचार हा आजच्या तरुणांच्या जिवाशी आलेला विषय त्याने निवडला, आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भा. रां.ना कथेत आणून लेखकाविषयीची कृतज्ञताही दाखवली. चित्रपट म्हणून तो मला आवडतो. पण त्या चित्रपटाने ज्यांची हौस पुरवली ते आधीच फेणेचे झालेले लोक होते. ज्यांना फेणे अजून भेटलेलाच नाही अशा पाचवी-सहावीतल्या मुलांना त्यातून मिळाला तो एक चतुर दादा. त्यांच्या बाकावर बसणारा सोबती त्यांना मिळाला नाही. ज्या वयात ही गोष्ट आपल्याला मिळाली त्याच वयाच्या मुलांपर्यंत ती पोचावी, असं वाटण्यात आठवणींची हौसही आपोआप भागते. उलट बाजूने मात्र तसं होत नाही.

बंगालीत हे घडलेलं आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींची गुपी-बाघाची गोष्ट १९१५ साली त्यांच्याच ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आली. नातू सत्यजित राय यांनी १९६९ साली तिच्यावर ‘गुपी गाइन बाघा बाइन’ काढला, आणि त्यामागे लहानग्या संदीपचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, आपल्यासाठी चित्रपट काढ असा हट्ट होता. रायनी मूळ गोष्टीत पुष्कळ फेरफार केले. युद्धाचा भाग फुलवला, गाणी स्वतः लिहिली, भुतांचा नाच इतका लांबवला की मोठ्या माणसालाही ती कल्पकता पाहून थक्क व्हावं. म्हणजे निष्ठा तपशिलांशी नव्हतीच. निष्ठा होती ती संदीपच्या वयाशी. पुढे १९७४ साली ‘सोनार केल्ला’ करतानाही त्यांनी तेच केलं. फेलुदा प्रौढ गुप्तहेर, पण सगळी हालचाल मुकुल नावाच्या मुलाभोवती, आणि सोबतीला किशोरवयीन तोपशे. हे चित्रपट मोठ्यांनीही डोक्यावर घेतले. मुलांसाठी काढलेलं मोठ्यांना पुरत नाही, हा समज या दोन उदाहरणांपुढे तरी टिकत नाही.

‘श्यामची आई’ या नियमाला अपवाद वाटेल. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातला सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. त्यामुळे २०२३ साली सुजय डहाके यांनी ती कथा कृष्णधवल रंगात आणि गुरुजींच्या प्रौढ नजरेतून मांडली, ते गोष्टीच्या प्रकृतीला धरूनच होतं. पण तिथेही आठवणाऱ्याचं वय वाढलं, आठवणीतल्या मुलाचं नाही. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटात माधव वझे यांचा श्याम पोहायला घाबरणारा, हट्टी, चुकणारा मुलगाच होता. त्याला वीस वर्षांचा करून पाहा, आईच्या बोलण्यातली निम्मी ताकद तिथेच संपेल.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. आज कोणते आईवडील तेरा वर्षांच्या मुलाला एकटं सायकलवर हडपसरच्या रहदारीत सोडतील? फेणेचं पुणे उरलेलं नाही, तेव्हा शाळकरी फेणे आज खोटा वाटेल, असं म्हणतात. चित्रपट जुन्या काळात ठेवूनही हा पेच सुटू शकतो, पण तो आजच्या काळातही सुटेल असं मला वाटतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू वर्तमानपत्रातल्या चौकटींतून २०१२ साली पडद्यावर आला तो मुलगा म्हणूनच. श्रीरंग गोडबोले यांनी त्याला वाड्याच्या अंगणातल्या नायकाइतकंच मोठं केलं, त्याहून अधिक नाही, आणि सुट्टीत आलेल्या पोरांना तो ओळखीचा वाटला. मुलांचं जग आज आक्रसलं असेल, तर त्या आक्रसलेल्या जागेतही साहस करणारा मुलगा दाखवणं हे लेखकापुढचं खरं काम आहे. मोबाइल असलेल्या मुलावर तरी मोठी माणसं कुठे पटकन विश्वास ठेवतात?

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे सगळं परकं असतं, ही तक्रारही ऐकू येते. तिचं उत्तर पुस्तकाकडून येणं आता अवघड आहे, चित्रपटाकडून येऊ शकतं. म्हणून फेणेच्या पुढच्या चित्रपटाची मी मनापासून वाट पाहतो आहे. तो मे महिन्यात यावा, त्यात सातवी-आठवीतला मुलगा असावा, आणि खेळ सुटल्यावर चित्रपटगृहाच्या दारात भा. रां.ची पुस्तकं विकायला ठेवलेली असावीत.