निवडुंगाची सोयरीक

अंगणात गुलाब लावणाऱ्याला लोक रसिक म्हणतात. तुळस लावणाऱ्याला भाविक म्हणतात. फुटक्या डब्यात कोथिंबीर पेरणाऱ्याला संसारी म्हणतात. निवडुंग लावणाऱ्याला मात्र बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

माझ्या गॅलरीत आजमितीला एक्केचाळीस निवडुंग आहेत. तेव्हा हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. मी स्वतः बँकेत कारकून आहे, पण हिशेब फक्त दहा ते पाच करतो. (हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत. २०२४ पासून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. खुर्ची आणि समोरची रांग तीच आहे.) आमच्या शाखेतल्या एका वास्तुशास्त्राच्या अभ्यासकानं मला बजावून सांगितलं, "काटेरी झाड घरात असलं की नवरा-बायकोत भांडणं होतात." मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, भांडणं आधीची आहेत. झाडं नंतर आली."

खरं म्हणजे सोलापूरच्या माणसाला निवडुंगाचा परका वाटण्याचं काही कारण नाही. दोघांची दिनचर्या एक आहे. निवडुंग मिळेल ते पाणी अंगात साठवून ठेवतो. आमच्या नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी आल्यामुळे आम्हीही पिंप, हंडे, कळश्या, बादल्या आणि शेवटी पातेल्यांत पाणी साठवून ठेवत आलो. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की निवडुंग दिवसा आपली सारी रंध्रं बंद करून बसतो आणि रात्री उघडतो, म्हणजे अंगातली ओल उडून जात नाही. आम्हीही दुपारी दारं-खिडक्या लावून पडून राहतो आणि रात्री दोनला उठतो, कारण पाणी दोनला येतं. एवढं साम्य सख्ख्या भावांतही सापडत नाही.

मात्र निवडुंग कुणाला म्हणायचं, याबद्दल आपल्याकडे फार सैलपणा आहे. काटा दिसला की निवडुंग! शेताच्या बांधावरचा शेर किंवा तो तीन धारांचा त्रिधारी मोडून बघा. पांढरं दूध आलं, तर ते खऱ्या निवडुंगाच्या कुळातलं झाडच नव्हे. ते एरंडाच्या भावकीतलं. (ते दूध डोळ्यात जाऊ देऊ नका, फार आग होते.) खऱ्या निवडुंगाचं कूळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं. आपला फड्या निवडुंगसुद्धा गोऱ्या लोकांच्या जहाजातून आलेला. पुढे १७९५ साली नीलसन नावाच्या एका कॅप्टननं ब्राझीलहून त्याच्यावर जगणारे किडे कलकत्त्याला आणले. या किड्यांपासून उंची लाल रंग काढायचा, असा कंपनी सरकारचा बेत होता. पण किडा निघाला दुसऱ्याच जातीचा. रंग यथातथाच निघाला, पाहुण्यांनी निवडुंगाच्या रानांचा मात्र फडशा पाडला.

हे कूळ-मूळ सांगण्याचं कारण असं की मी निवडुंगांच्या सोयरिकी जमवतो. माणसांत सगोत्र विवाह चालत नाही, निवडुंगांत सगोत्रच चालतो. दुधाच्या झाडावर निवडुंगाचं कलम काही केल्या बसत नाही. निवडुंगावर निवडुंगच बसवावा लागतो.

आता सुखानं आपापल्या मुळांवर उभ्या असलेल्या झाडांची सोयरीक करायचीच कशाला? कारण निवडुंगाचं बी. खसखशीच्या जवळपासचं बी ओलसर रेतीत पेरायचं, वर पारदर्शक झाकण घालायचं आणि वाट बघायची. आठ-पंधरा दिवसांत हिरवा ठिपका दिसतो. सहा महिन्यांनी तो ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. वर्षानं हरभऱ्याएवढा. ॲस्ट्रोफायटमसारख्या खानदानी जातींना फूल येईपर्यंत माणसाची पदोन्नती होऊन जाते, आणि त्या दोन्ही गोष्टींची खात्री नसते. तेच नाजूक रोप एखाद्या दांडग्या निवडुंगाच्या डोक्यावर बसवलं, की ते कित्येक पटींनी झपाझप वाढतं. दांडग्याची मुळं, दांडग्याचं पाणी. वाढ मात्र धाकट्याची. या दांडग्याला आपल्या शेतकऱ्यांचा शब्द आहे: खुंट.

हा शब्द मला आण्णांनी दिला. आण्णा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात त्यांनी जन्मभर ज्वारी केली. आई गेल्यावर त्यांना मी जुळे सोलापुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं. येताना त्यांनी दोन धोतरं, आईचा फोटो आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू, एवढंच आणलं. गॅलरीतल्या खुर्चीवर बसायचे, खालून जाणाऱ्या रिक्षा मोजायचे आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचे, "मंगळवेढ्याची शेवटची गाडी कितीला रं?" मी वेळ सांगायचो. ते मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. बँकेत शिल्लक विचारायला रोज येणारे खातेदार असतात, त्यांच्यासारखं. पैसे काढायचे नसतात, आपले आहेत ना, एवढं बघायचं असतं.

एका रविवारी मी खुंट तयार करत होतो. खुंटासाठी मी ड्रॅगन फ्रूट वापरतो. हल्ली सोलापूर-सांगलीकडे शेतकरी ते सिमेंटच्या खांबांवर चढवतात. ते निवडुंगच आहे, हे खाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. गुजरात सरकारनं २०२१ साली त्याचं 'कमलम्' असं बारसं केलं. आण्णा त्याला 'डागन' म्हणतात. त्याच्या वीतभर कांड्या तोडून आठवडाभर सावलीत ठेवायच्या, म्हणजे कापलेली बाजू वाळते आणि कुजत नाही. मग रेताड मातीत उभ्या करायच्या. महिन्याभरात मुळं धरतात. मी कांड्या लावताना आण्णा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ह्येच्यावर काय भरणार हायस?"

'भरणार' हा शब्द ऐकून मी चमकलो. डोळा भरणं हा बोरीचा शब्द. आमच्या बांधावर गावठी बोरी होत्या. उन्हाळ्यात बोर छाटायची, नवा फुटवा पेन्सिलीएवढा झाला की पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या सालीत चांगल्या जातीचा डोळा बसवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. हे काम आण्णा पंचक्रोशीत करत. मी रोपाचं नाव सांगितलं. त्यांनी ते उच्चारायच्या भानगडीत न पडता ट्रंकेतून ते फडकं आणलं. आत डोळे भरायचा चाकू होता.

त्या दिवसापासून गॅलरीचा कारभार माझ्याकडे नाही. मी पुस्तकं वाचून सांगतो, आण्णा हातानं करतात, आणि दोघांचं म्हणणं जुळलं की पुस्तकवाला बरोबर होता असं ते कबूल करतात.

पद्धत सोपी आहे. पातं स्पिरिटनं पुसायचं. खुंटाचा शेंडा आडवा उडवायचा. कडेच्या धारा थोड्या तिरप्या छाटायच्या, नाहीतर वाळताना मधला भाग खोल जातो आणि पाहुणा अधांतरी राहतो. मग रोप मुळापासून कापून, कापलेली बाजू ओली आहे तोवर लगेच खुंटावर ठेवायचं. दोन्ही कापांत रसवाहिन्यांचं एक एक वर्तुळ दिसतं. सारी मेख तिथं आहे. खुंटाचं वर्तुळ मोठं, रोपाचं इवलंसं. रोप अगदी मधोमध ठेवलं तर दिसायला देखणं दिसतं आणि आठ दिवसांत सुकतं, कारण वर्तुळाला वर्तुळ कुठं टेकतच नाही. म्हणून ते जरा बाजूला सरकवून ठेवायचं. रेषेवर रेष आली पाहिजे. माझी आयुष्याची वीस वर्षं चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी जुळते का, हे बघण्यात गेली आहेत. हे काम मला जमावं, पण आण्णांना ते चष्म्याशिवाय जमतं.

नंतर वरून हलका दाब. मोठ्या रोपाला रबरबँड, दाण्याएवढ्याला प्लॅस्टिकची ताणलेली पट्टी. आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं, कापावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही आणि दर अर्ध्या तासानं चिकटलं का म्हणून बघायचं नाही. यातलं शेवटचं सर्वांत कठीण. "चेक क्लिअरिंगला टाकल्यावर तू गिऱ्हाइकाला काय सांगतोस?" आण्णांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "बसून राहा." "मग बस की!"

कलम जमलं म्हणजे काय होतं? बँकेच्या भाषेत सांगायचं तर जॉइंट अकाउंट उघडतं. पाणी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायला लागतं. पण नावं दोन ती दोनच राहतात. खुंट आपली जात सोडत नाही आणि कलमही आपली सोडत नाही. खालचा तिधारी तो तिधारी, वरचा गोल तो गोल. खुंटाला मधूनच स्वतःचे फुटवे येतात, ते वेळच्या वेळी काढावे लागतात, नाहीतर सगळं पाणी तेच पितात. एवढा तंटा सोडला तर संसार सुरळीत चालतो.

सोलापूरकराला यात नवल वाटू नये. १८७७ साली इथं जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकची हद्द तर हाकेवर. आमच्या काउंटरवर मी मराठीत विचारतो, आजीबाई तेलुगूत सांगतात, शिपाई कन्नडात भर घालतो, रांगेतले चाचा दखनीत निकाल देतात आणि पेन्शन बिनचूक मिळते. कुणी कुणासारखं झालं नाही, फक्त रेषेवर रेष आली.

आमच्या गॅलरीत सर्वांत भाव खातो तो लाल निवडुंग. नर्सरीत हिरव्या दांड्यावर लाल चेंडू ठेवल्यासारखा मिळतो तो. १९४१ साली जपानमध्ये वातानाबे नावाच्या रोपवाल्याला हजारो रोपांत अशी मोजकी लाल रोपं दिसली. त्यांच्यात हरितद्रव्यच नसतं. म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः करायची सोय नाही. आपल्या मुळांवर ती फार दिवस तगत नाहीत. खुंटावर बसवली तरच जगतात. थोडक्यात, चेकबुक सुंदर, पण खात्यात दुसऱ्याचे पैसे. भिशीच्या दिवशी सौ.च्या मैत्रिणी गॅलरीत येऊन "अय्या, किती गोड!" म्हणाल्या. सगळ्यांचं बोट लाल चेंडूकडे. त्या गेल्यावर आण्णा हिरव्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "खुंटाला कोण इचारतंय?" मी बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. फीचे पैसे ज्वारीचे होते. मी काही बोललो नाही. झाडांना पाणी घालायला लागलो, तर ते म्हणाले, "आज न्हाई, परवा घाल."

या जोडीचं आयुष्य फार नसतं. वरच्याची वाढ आणि खालच्याची वाढ सारखी नसते, काही वर्षांत खुंट थकतो. आमचा गेल्या वर्षी थकला. आण्णांनी लाल चेंडू अलगद उतरवून नव्या खुंटावर बसवला. उरलेला जुना, डोकं उडवलेला बुंधा मी टाकून द्यायला उचलला, तर त्यांनी तो हातातून घेतला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत लावला. महिन्यानं त्याच्या खांद्यातून हिरवागार फुटवा निघाला. मी सवयीनं ब्लेड घेतलं. "ह्यो काढू नगंस," आण्णा म्हणाले. "ह्येच्यावर आता कुणाला बशिवणार न्हाई. ह्येचं ह्यो वाढू दे."

तो वाढला. ग्रिलला धरून वर चढला, पलीकडून खाली लोंबायला लागला. ड्रॅगन फ्रूटचं फूल उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर येतं. रात्री उमलतं, ताटलीएवढं पांढरंशुभ्र असतं आणि सकाळी मान टाकतं. आण्णांनी ते अजून पाहिलेलं नाही. हल्ली ते संध्याकाळी गाडीची वेळ विचारत नाहीत. टॉर्च घेऊन एकेक फांदी बघतात. "फूल बगितलं की जातो गावाला," असं त्यांनी जाहीर करून टाकलं आहे.

फुलाला ऊन लागतं, हे मी सौ.ला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. माझं बोलणं तिच्या लक्षात राहत नाही, अशी माझी समजूत होती. पण गेल्या आठवड्यात मी बघितलं, गॅलरीच्या त्याच कोपऱ्यावर तिनं सोलापुरी चादर वाळत टाकली होती. चादर कोरडी ठणठणीत होती. मी काढायला गेलो, तर आतून आवाज आला, "राहू द्या हो ती. मामांना ऊन लागतं तिथं."

मामा तेव्हा आत झोपले होते.