खलाशी म्हणून गुजरातला जाताय? मग आधी एवढं वाचा, आणि पाड्यावर वाचून दाखवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातला, गावातला, पाड्यातला कुणी ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ इकडे बोटीवर जातो त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांचं कुणी जात नाही त्यांनीही वाचा, कारण कमेंटमध्ये सगळ्यात जास्त तुम्हीच बोलता.

नारळी पौर्णिमा जवळ आली की आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नाक्यानाक्यावर पिशव्या घेतलेली पोरं दिसायला लागतात. पावसाळी मासेमारी बंदी उठायची वेळ. शेठचा माणूस आधीच येऊन उचल देऊन गेलेला असतो. त्या उचलीत कुणाच्या घराचे पत्रे आलेले असतात, कुणाच्या बहिणीचं लग्न झालेलं असतं. आता ती फेडायला आठ-नऊ महिने दर्यावर. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं या भागात बातमीदारी करतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्याच्या आधीपासून. हे दृश्य दरवर्षी तेच आहे. एका बोटीवर तांडेल धरून सात-आठ जण, एक फेरी पंधरा-वीस दिवसांची, आणि त्यातले बरेच जण असे की ज्यांनी समुद्र पहिल्यांदा बोटीवर चढल्यावरच नीट पाहिला. कारण हे कोळी नाहीत, डोंगराकडचे आदिवासी आहेत. शेत एका पिकाचं, नंतर काम नाही. वीटभट्टी किंवा बोट, एवढाच पर्याय.

जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला माझा फोन जास्त वाजतो. त्या दोन दिवशी भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. 2008 च्या करारानुसार हे ठरलेलं आहे आणि संबंध कितीही बिघडले तरी याद्यांचा हा रिवाज चालू राहिलाय. 1 जानेवारी 2025 च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात आपले 217 मच्छीमार होते, आणि आपल्या ताब्यात त्यांचे 81. बातमीत आकडा येतो, नाव येत नाही. आणि मला फोन करणाऱ्या बाईला नावच हवं असतं. "दादा, त्या दोनशेमध्ये आमचा हाय का?" याचं उत्तर माझ्याकडे नसतं, तिच्या सरपंचाकडे नसतं आणि बऱ्याचदा तहसील कचेरीतही नसतं.

आता मूळ मुद्दा. बोट तिकडे जाते कशी?

जमिनीवरच्या सीमेला कुंपण असतं, चौकी असते, दिवे असतात. समुद्रात काहीच नाही. कच्छच्या रणात सर क्रीक नावाची साधारण 96 किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिची हद्द खाडीच्या मधून धरायची की पूर्वेकडच्या काठावरून, हा वाद मुंबई सरकारच्या 1914 च्या एका ठरावापासून चालत आलाय. रणाच्या हद्दीचा निवाडा 1968 मध्ये झाला, पण ही खाडी त्यात सुटली. खाडीचं तोंड ठरत नाही म्हणून तिथून पुढे समुद्रात जाणारी रेषाही दोन्ही देशांनी मिळून ठरवलेली नाही. म्हणजे आपल्या बोटीच्या जीपीएसवर जी रेषा दिसते ती आपल्या हिशेबाची. समोरच्याचा हिशेब वेगळा असू शकतो. आपल्या पडद्यावर आपण आपल्या बाजूला असलो तरी त्यांची गस्ती बोट आपल्याला "आत आलात" म्हणू शकते. म्हणूनच आपलं तटरक्षक दल त्या रेषेच्या बरंच अलीकडे थांबायला सांगतं.

मग तिकडे जायचंच कशाला? तर किनाऱ्याजवळ मासा कमी झालाय, हे सगळ्यांना माहीत आहे. बोटी वाढल्या, जाळी वाढली, कारखान्यांचं पाणी आलं. आणि तिकडे वर सिंधू नदीच्या मुखाजवळचा पट्टा माशाने भरलेला. डिझेल, बर्फ, रेशन मिळून एका फेरीचा खर्च मोठा. रिकामी बोट घेऊन परतायची कुणाची हिंमत नसते. कधी मुद्दाम जातात, हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण कधी इंजिन बंद पडतं, कधी रात्री जाळं टाकून सगळे झोपतात आणि प्रवाह बोटीला ओढत नेतो. पकडल्यावर या तिन्हींत कुणी फरक करत नाही.

आणि इथेच माझं कमेंटवाल्यांशी भांडण आहे. "गेलेच कशाला?" असं लिहिणाऱ्यांनी एवढं सांगावं, की बोट कुठे न्यायची हे खलाशाला कोण विचारतं? सुकाणू तांडेलाकडे, तांडेलाला फोन शेठचा. खलाशी जाळं ओढतो, मासा निवडतो, बर्फात भरतो, जेवण रांधतो. त्याला जीपीएसच्या पडद्यावर काय लिहिलंय हेही कुणी सांगितलेलं नसतं. धरल्यावर मात्र तुरुंग सगळ्यांना सारखाच.

धोका फक्त तुरुंगाचा नाही. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. ओख्याहून गेलेल्या एका बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला आणि आपल्या जिल्ह्यातला एक तरुण खलाशी जागीच गेला. मार्च 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यातला एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. मृतदेह घरी यायला महिना उलटला. दोघांची नावं मी इथे लिहीत नाही. घरच्यांनी पुरेसं सोसलंय.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम 73 सांगतं की, दुसऱ्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात कुणी मासेमारी केली तर दंड करा, पण वेगळा करार नसेल तर तुरुंगवास देऊ नका. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही या कायद्याला मान्यता दिलेली आहे. दोघेही मच्छीमारांना तुरुंगात घालतात. तो 81 चा आकडा विसरू नका. कराचीजवळच्या वस्त्यांमध्येही कुणीतरी बाई तिकडच्या बातमीदाराला हाच प्रश्न विचारत असणार.

2008 च्याच करारात असंही लिहिलंय की अटकेनंतर तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपली व नागरिकत्व पक्कं झालं की एका महिन्यात परत पाठवायचं. शिक्षा बहुतेकदा काही महिन्यांचीच असते. तरी माणसं वर्षानुवर्षं राहतात. राजकारण हे मोठं कारण. 2023 च्या मे आणि जूनमध्ये दोन खेपांत जवळजवळ चारशे जण सुटून वाघ्याने परत आले. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि आपण अटारीची चौकीच बंद केली. परतीचा नेहमीचा रस्ता तोच होता. राजकारण आपल्या हातात नाही. पण दुसरं कारण कागदाचं आहे, आणि ते बरंचसं आपल्या हातात आहे.

खलाशी पकडला गेला की त्याने तिथे सांगितलेलं नाव-गाव दिल्लीला येतं, दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्हा पोलिसांना आणि शेवटी पोलीस पाड्यावर येतात. आता आपल्याकडे काय होतं? आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, पाड्यात हाक मारायचं तिसरं. बापाचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. गाव विचारलं तर माणूस पाड्याचं नाव सांगतो, आणि तो पाडा कागदावर कुठेच नसतो. तपासणी अडकते ती इथे. मी स्वतः अशा घरात बसून कागद जुळवलेत. एका घरात शाळा सोडल्याचा दाखला सापडला म्हणून काम झालं. तो दाखला भाताच्या कणगीमागे प्लास्टिकच्या पिशवीत होता. नसता सापडला तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

म्हणून जाणाऱ्यांसाठी हे, साध्या भाषेत:

1. निघायच्या आधी आधार आणि रेशनकार्डावरचं नाव एकच करून घ्या. दोन्हींच्या प्रती घरी ठेवा. फोनमध्येही फोटो ठेवा, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा.

2. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, शेठचं आणि तांडेलाचं नाव, बंदर हे सगळं घरी लिहून द्या. "गुजरातला गेलाय" एवढ्यावर कुणाला शोधता येत नाही. बोट बदलली तर फोन करून कळवा.

3. मच्छीमार ओळखपत्राशिवाय बोटीवर चढू नका. 26/11 ला अतिरेकी आपलीच मासेमारी बोट पळवून आले होते. तेव्हापासून समुद्रात ओळखपत्र नसलेला माणूस कुणालाही संशयित वाटतो, आपल्याच लोकांनासुद्धा.

4. बंदर सोडताना बोटीच्या टोकनवर जेवढी माणसं लिहिलीत तेवढीच बोटीवर आहेत का, तुमचं नाव त्यात आहे का, हे विचारा. नाव नसेल तर कागदावर तुम्ही त्या बोटीवर नव्हताच.

5. बोटीवर ट्रान्सपॉन्डर आहे का आणि तो चालू आहे का, ते बघा. इस्रोच्या तंत्रावरचं हे यंत्र बोट सीमेजवळ गेली की इशारा देतं आणि संकटात संदेशही पाठवतं. एक लाख बोटींवर ते मोफत बसवण्याच्या योजनेची सुरुवात पंतप्रधानांच्या हस्ते 30 ऑगस्ट 2024 ला आपल्याच पालघरात झाली. वाढवण बंदराच्या गर्दीत ती बातमी हरवली. कुणी ते यंत्र बंद करत असेल तर विचारा, का बंद करतोय.

6. जाळं टाकून सगळ्यांनी झोपायचं नाही. एकाने जागं राहायचं, जीपीएस बघायचा. तो कसा वाचायचा हे तांडेलाकडून बंदरातच शिकून घ्या.

7. इंजिन बंद पडलं तर वाट बघत बसू नका. व्हीएचएफवर चॅनल 16 लावा. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 पाठ करा.

8. गस्ती बोट समोर आलीच तर पळायचं नाही, जाळं कापून बोट दामटायची नाही. हात दिसतील असे खाली बसा. बोट शेठची आहे, जीव तुमचा आहे.

आता सरकारला आणि पुढाऱ्यांना. अटकेतल्या मच्छीमारांच्या घरांना गुजरात सरकार रोजचा भत्ता देतं, नंतर आपल्या राज्यानेही मदतीचा निर्णय केला. चांगलं झालं. पण घरातला कमावता पकडला गेलाय हे सिद्ध करायला तीच कागदांची फेरी, आणि ती करायची कुणी? जिचा नवरा तिकडे आहे आणि जिला तालुक्याला यायला एसटीचे पैसे नाहीत तिने? माझी मागणी छोटी आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. कोण, कुठल्या बोटीवर, कुठल्या बंदरातून, कुणी नेलं. सोबत कागदांच्या प्रती. ग्रामसेवकाचं दोन दिवसांचं काम. खलाशी नेणाऱ्या मुकादमांनीही त्या वहीत सही करावी. याला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही.

एक-दोन सरपंचांशी बोललो. "बघू" म्हणालेत. त्या "बघू"चं काय होतं ते मी विचारत राहीन, तुम्हीही ग्रामसभेत विचारा. तोवर ज्यांच्या घरातून कुणी निघतंय त्यांनी आज रात्रीच बसून घरच्या वहीच्या मागच्या पानावर बोटीचं नाव आणि नंबर लिहून घ्या. माहीत नसेल तर शेठच्या माणसाला फोन लावा. द्यायला टाळाटाळ केली तर समजा, त्या बोटीवर पाठवायच्या आधी दोनदा विचार करायला हवा.