हाक येईपर्यंत

आमच्या घरात बेसबॉल शिरला तो चिरंजीवांच्या मोबाईलमधून. भंडाऱ्याचा आणि या खेळाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. मीही तेच विचारले. पण परवा रात्री चिरंजीवांनी मला शेजारी बसवून मारियानो रिव्हेरा या पनामातल्या कोळ्याच्या मुलाची गोष्ट दाखवली आणि माझी झोप उडाली.

रिव्हेरा हा न्यूयॉर्क यांकीज संघाचा ‘रिलीफ पिचर’, म्हणजे बदली गोलंदाज. सामना दुसऱ्याने सुरू करायचा आणि तो थकला, की याने पुढची बाजू सांभाळायची. तोवर मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’मध्ये बसून राहायचे. (बुलपेन म्हणजे शब्दशः वळूंचा कोंडवाडा! आमच्या शंकरपटाच्या मुलुखात हे नाव कुणालाही पटेल.) तिथे एक टेलिफोन असतो. तो खणखणला, की उठून हात मोकळा करायचा. रिव्हेराने असे 652 सामने संघाच्या हातून निसटू दिले नाहीत. तो 2013 साली निवृत्त झाला आणि 2019 मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी त्याची एकमताने निवड झाली. असा मान त्याच्याआधी कुणालाच मिळाला नव्हता.

“बाबा, आपल्याकडे असा कोण झाला?”

माझ्या तोंडी नाव आले पद्माकर शिवलकरांचे. खरे म्हणजे तुलना चुकीची. मुंबईच्या संघात शिवलकर बदली नव्हते, हुकमाचा एक्का होते. 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी तामिळनाडूचे एका डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 गडी टिपले. त्या विजयाने मुंबईचे ओळीने पंधरावे अजिंक्यपद झाले. माझे वडील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत होते. ते हे आकडे पाढ्यासारखे म्हणत आणि शेवटी एक सुस्कारा सोडत.

सुस्कारा कशाचा, तर शिवलकरांचा टेलिफोन कधी वाजलाच नाही. 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 589 बळी, पण कसोटी एकही नाही. बिशनसिंग बेदी 1966 पासून 1979 पर्यंत भारताकडून खेळले. दोघेही डावखुरे, दोघेही फिरकीचे, आणि जागा एकच. बेदींचा तरी त्यात काय दोष? शिवलकर मात्र चेंडू टाकीतच राहिले. 1987-88 च्या हंगामात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा मुंबईकडून मैदानात उतरले. 2017 मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना जीवनगौरव दिला आणि मार्च 2025 मध्ये ते गेले.

“बोलावणारच नव्हते, तर एवढा सराव कशाला करायचा?” चिरंजीवांनी विचारले.

आमची सौभाग्यवती करंज्यांचे सारण परतत होती. तिचा झारा थांबला. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते न पाहणेच मला जास्त बोचले. कारण मी एम.ए., सेट उत्तीर्ण, मराठीचा प्राध्यापक असलो, तरी तासिका तत्त्वावरचा. जितके तास, तितके पैसे. दिवाळीच्या सुट्टीत आमचे मानधनही सुट्टीवर जाते. कायम जागेसाठी पाच ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी तर माझ्या आधीच निवड झालेले गृहस्थ बाहेर चहा पीत बसले होते आणि त्यांनी मलाही एक कप आग्रहाने पाजला. चहा उत्तम होता.

मुलाला काय सांगावे ते सुचेना. “झोप आता,” एवढेच म्हणालो.

सकाळी सहाला कॉलेजच्या शिपायाचा फोन.

“सर, आज पहिला तास घेता का जी? मोठ्या सरांना ताप आला.”

“कोणता वर्ग?”

“बी.ए. दुसरं वर्ष. तुकाराम आहे म्हणते.”

टिपणे काढायची गरज नव्हती. रात्री सगळे झोपल्यावर मी तीच वाचत बसलो होतो. खुंटीवर इस्त्रीचा सदरा तयार होता. चिरंजीव अंथरुणातून डोळे किलकिले करून म्हणाले, “बाबा, फोन वाजला?”

“वाजला,” मी म्हणालो आणि एसटी गाठायला धावलो.