मोहोळ, मध आणि मेद्वेद

तुलनात्मक भाषाशास्त्रात शब्दाआधी तारका काढलेली असली, की ते रूप कोणत्याही लेखात सापडलेले नाही, वंशजांवरून पूर्वज सिद्ध केलेला आहे, असे समजायचे. विद्यार्थ्यांना ही तारका संशयास्पद वाटते. कोणी कधी न ऐकलेल्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

अशा वेळी आम्ही '*मेदु' हा आदिस्लाव शब्द फळ्यावर लिहितो. अर्थ मध. रशियन, पोलिश, झेक या भाषांत त्याची रूपे आजही नांदतात. त्यामागे आदि-इंडोयुरोपीय '*मेधु'. संस्कृत 'मधु', लिथुआनियन 'मेदुस', इंग्रजी 'मीड' (मधाची दारू) ही त्याचीच संतती.

खरी गंमत अस्वलाची. रशियनमध्ये अस्वल म्हणजे 'मेद्वेद'. संस्कृत शिकलेला विद्यार्थी लगेच 'मधु' अधिक 'विद्' अशी फोड करतो: मध जाणणारा. पुष्कळ रशियनांचीही समजूत तीच आहे. परंतु दुसरे पद 'विद्' नव्हे, 'अद्', म्हणजे खाणे. उकारापुढे स्वर आला म्हणून व, आपला यण्‌संधीच! ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 'मध्वद्' हा याच घडणीचा शब्द पक्ष्यांसाठी आला आहे. अस्वलाचे मूळ नाव संस्कृतात 'ऋक्ष', ग्रीकमध्ये 'आर्क्तोस', लॅटिनमध्ये 'उर्सुस' असे टिकले. स्लाव भाषांनी ते टाकले. नाव घेतले तर जनावर समोर येते, ही धास्ती त्यामागे असावी असे अभ्यासक मानतात. पोलादपूरच्या वर्गात हे फारसे समजावून द्यावे लागत नाही. रात्री सापाला 'लांबडं' म्हणणाऱ्या घरांतूनच मुले येतात.

आता आपल्याकडचे वंशज. दोन स्वरांमधल्या 'ध'चा प्राकृतात 'ह' होतो: मधूक, महुअ, मोह. त्याच वाटेने 'मधु'चे 'महु' झाले. मग मराठीतल्या 'मध'मध्ये 'ध' शाबूत कसा? कारण हा शब्द पिढ्यांच्या तोंडून घासत आलेला नाही. तो संस्कृतातून पुन्हा उचललेला आहे. 'महु' घरंदाजपणे राहिला तो 'मोहोळ' या शब्दात.

आंबेनळी घाटाच्या माथ्यावर, महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. नावात अर्थातच उसना शब्द. त्याबद्दल तक्रार नाही. भाषा अशीच वाढते. तक्रार आहे ती उत्तरपत्रिकांविषयी. तद्भव शब्द म्हणजे बिघडलेला शब्द, असे मुले लिहितात. शाळेपासून मनात बसलेली ही समजूत एका तासात जात नाही. घरचा शब्द लिहून, खोडून, त्यावर तत्सम शब्द चढवलेला दिसतो. खोडलेल्या जागी अक्षरे अजून वाचता येतात, आणि आम्ही गुण देताना ती वाचतो.