बिनतारी

‘बिनतारी’ हा शब्द मराठीत रुळला तेव्हा तार ही सर्वांच्या ओळखीची वस्तू होती. नव्या गोष्टीचे नाव तिच्यात काय नाही यावरून पडले. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तार गेली, बिनतारी मागे राहिले. आता त्याला सारे ‘वायफाय’ म्हणतात. मी अजून जुनाच शब्द वापरतो. त्यात भाषाशुद्धीचा आग्रह नाही. गेल्या वर्षी आमच्या घरात जे बिनतारी जाळे उभे राहिले, त्यात हातभर तार अखेरपर्यंत राहिली, आणि सारा व्यवहार त्या हातभर तारेवरच अवलंबून होता, म्हणून तो शब्द मला मोलाचा वाटतो.

आमचे घर हैदराबादेत, काचीगुड्याला. भिंती दगडी आणि दीड हात जाडीच्या. मागच्या खोलीत वडिलांचे टेबल आणि त्यावर त्यांचा २००३ साली घेतलेला संगणक. वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली त्याची तीन भाषांच्या तीन राज्यांत वाटणी झाली, आणि आमच्यासारखी काही मराठी घरे जागची हलली नाहीत. त्या घरांत बोलले जाणारे मराठी हा वडिलांच्या उतारवयातील ध्यास होता. अव्वल तालुकदार, मोहतमीम, अमीन हे दफ्तरातले शब्द कुठेही सापडतील, असे ते म्हणत. त्यांचा जीव गुंतला होता तो ओसरीवरच्या आणि स्वयंपाकघरातल्या शब्दांत. माझी आजी फोडणीला ‘बगार’ म्हणे. अशा नऊ हजारांवर नोंदी त्यांनी २०१२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या आजारापर्यंत, स्वतः टंकलिखित केल्या.

त्या नोंदी सांकेतिक म्हणाव्यात अशा लिपीत अडकल्या आहेत. १९९१ पासून युनिकोड अस्तित्वात असले, तरी त्या काळच्या मराठी छपाईची सवय निराळी होती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या आकृती बसवलेल्या असत. तो टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसे. वडिलांचा टंक ज्या कार्यक्रमातून चालतो, तो संगणकाच्या पाठीला लावलेल्या एका छोट्या कुलपाखेरीज उघडतच नाही. मूळ नोंद जशी त्यांनी पाहिली तशी पाहायची तर ती त्याच पडद्यावर. पेनड्राइव्हने फायली एकदा आणता आल्या असत्या. पण काम एकदाचे नव्हते. पुतणीच्या लॅपटॉपवर रूपांतर करायचे, माझ्या २०१० च्या संगणकावर मुद्रिते तपासायची, शंका आली की मागच्या खोलीत जाऊन मूळ पाहायचे, दुरुस्ती परत पाठवायची. भिंतीला भोक पाडायला घरात कोणाचीच संमती नव्हती.

माझ्या संगणकाचा प्रश्न एका बोटभर यूएसबी उपकरणाने मिटला. वडिलांच्या संगणकाने मात्र आमची परीक्षा पाहिली. १९९७ च्या मूळ बिनतारी मानकात जी कुलूपबंदी होती तिचे दोष २००१ मध्येच उघड झाले. २००४ साली डब्ल्यूपीए-२ ही अधिक भक्कम रीत आली. २००३ चा तो संगणक इंटरनेटला कधी जोडलाच नव्हता, त्यामुळे त्याला ही नवी रीत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला सामावून घ्यायचे तर साऱ्या जाळ्यालाच जुन्या, फुटक्या कुलपावर आणावे लागले असते. मी तसे सुचवले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते उमटले असावे. पुतणी म्हणाली, “काका, एका खोलीसाठी साऱ्या घराची कडी काढून ठेवायची नाही. आजोबांच्या शेजारी आपण एक दुभाषी बसवू.”

हा दुभाषी म्हणजे एक लहानसा राऊटर. तो नव्या रीतीने बिनतारी जाळ्याशी बोलतो आणि हातभर केबलीने जुन्या संगणकाशी. संगणकाला वाटते, आपण साध्या तारेने जोडलेलो आहोत. हवेतून काय चालले आहे याची त्याला वार्ता नसते. भाषांतराच्या व्यवसायात असलेल्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. मुख्य राऊटरमध्ये तिने आणखी एक नियम घातला: दोन्ही जुन्या संगणकांना घराबाहेर जाता येऊ नये. दगडी भिंतीने मात्र दोन दिवस छळले. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. दगड त्यांचे बळ शोषतो आणि लोखंडी कपाट त्यांना परतवते. दुभाष्याला कपाटामागून काढून दाराच्या चौकटीवर ठेवले तेव्हा कुठे तो नीट बोलू लागला.

तरीही फायली जाईनात. दोन संगणकांनी एकमेकांचे कप्पे पाहण्याची जी जुनी बोली वडिलांच्या संगणकाला येते, ती नव्याने बंद ठेवलेली असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा उपद्रव त्याच वाटेने जगभर पसरला होता. ती वाट उघडायलाही पुतणीने नकार दिला. उपाय निघाला तो त्याहूनही जुना. एफटीपी ही फाईल पाठवण्याची रीत १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिली. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तिच्यात गुप्तता नाही, म्हणून ती घराबाहेर वापरू नये. घरात मात्र तिने आमचे काम केले. वीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन यंत्रांना परस्परांची बोली कळत नव्हती, पण दोघांनाही ही पन्नाशी ओलांडलेली भाषा येत होती. यावरून प्राकृत-अपभ्रंशाविषयी काही सिद्धान्त मांडण्याचा मोह मी आवरतो.

आता रोज संध्याकाळी पन्नास नोंदी येतात. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी, रफाराचे उलट. पुतणीच्या कार्यक्रमाने हे पुष्कळसे साधले आहे. जोडाक्षरांत तो चुकतो, आणि जिथे वडिलांनी उर्दू उच्चार दाखवायला अक्षराखाली स्वतःच्या सोयीचे टिंब दिले आहे तिथे तर हमखास. ते टिंब चूक की हेतू, हे मूळ पडद्यावर पाहूनही कधीकधी ठरत नाही. मग मी ते तसेच ठेवतो.

गेल्या महिन्यापासून त्या संगणकाच्या चकतीचा आवाज वाढला आहे. सगळ्या फायलींच्या प्रती आता दोन ठिकाणी आहेत. पण मूळ पडदा गेला की टिंबांचा निवाडा कुठे करायचा? म्हणून अकारविल्हे क्रम सोडून ज्या नोंदींत टिंबे अधिक, त्या आधी घेतल्या आहेत. ‘ख’ आणि ‘ग’ झाले. ‘ज’ चालू आहे.